क्रेडिट मिळालं, पण बसलं कुठे?

न्यू जर्सीतल्या एका काउंटी कॉलेजात मी ट्रान्सफर ॲडव्हायझर आहे. माझी वेळ दुपारी सुरू होते आणि रात्रीचे शेवटचे वर्ग सुटेपर्यंत चालते, कारण मी ज्यांच्यासाठी तिथे बसते ती माणसं दिवसा कामावर असतात. गोदामात, हॉस्पिटलात, बँकेच्या काउंटरवर, पाळणाघरात, कुणी ट्रकवर. बहुतेक तिशी-चाळिशीतली, क्वचित पन्नाशीचीही. दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी आमच्याकडे पाच-सहा वर्षं घेऊन पुरा केलेला असतो आणि आता त्यांना विद्यापीठाची चार वर्षांची पदवी हवी असते. पदवीला १२० क्रेडिट्स लागतात, आमच्याकडे ६० झाली, तिकडे राहिली ६०. हा हिशेब मनात पक्का करूनच ते येतात. माझं काम तिथून सुरू होतं, कारण प्रत्यक्षात ही वजाबाकी फार थोड्यांची इतकी सरळ सुटते.

‘तिकडे माझी किती क्रेडिट्स घेतात?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. मी त्यांना त्याच्या पुढचा प्रश्न विचारायला लावते: घेतलेली क्रेडिट्स ते कुठे बसवतात? कॉलेज मान्यताप्राप्त असेल आणि विषयात ‘सी’ किंवा त्याच्या वरची ग्रेड असेल, तर विद्यापीठ सहसा तो विषय नाकारत नाही. तो त्यांच्या दप्तरी चढतो. पण कधी तो मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या रकान्यात जातो, कधी सर्वसाधारण शिक्षणाच्या, आणि फार वेळा ‘फ्री इलेक्टिव्ह’च्या. या शेवटच्या रकान्यात जागा थोडी. ती भरली की पुढचे विषय नुसते ट्रान्सक्रिप्टवर दिसत राहतात, पदवी मिळवायला त्यांचा उपयोग होत नाही. विद्यार्थ्याला पत्र येतं, तुमची सगळी ६० क्रेडिट्स स्वीकारली. घरी आनंद होतो. मग डिग्री ऑडिट, म्हणजे पदवीसाठी काय झालं आणि काय उरलं याचा तक्ता, हातात येतं आणि त्यात उरलेली क्रेडिट्स ६० नसतात, ७५ किंवा ८० असतात. दोन्ही कागद खरे असतात. पहिला मात्र माणसाला निर्णय घ्यायला लावतो, आणि दुसरा येतो तो निर्णय घेऊन झाल्यावर, पहिली फी भरल्यावर.

हे फक्त माझ्या टेबलासमोरचं दुःख नाही. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २०१७ साली यावर अहवाल दिला. २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स वाया गेली, असा त्यातला अंदाज आहे. ही सरासरी सगळ्या प्रकारच्या बदल्यांची. सरकारी कॉलेजातून सरकारी विद्यापीठात जाणाऱ्यांचं नुकसान तिच्याहून कमी असतं. तरीही हा आकडा नोकरी करणाऱ्या माणसाला लावून पाहावा. साठातली २६ क्रेडिट्स गेली, म्हणजे आठ-नऊ विषय गेले. सेमिस्टरला दोनच विषय झेपणाऱ्या माणसाची ती दोन वर्षं झाली. आणि ती दोन वर्षं त्याने मुलांच्या झोपेनंतर, ओव्हरटाइम नाकारून, रविवारची जेवणं सोडून काढलेली असतात. वीस वर्षांच्या मुलाचं असं नुकसान झालं तर तो उन्हाळ्याच्या सुट्टीत जादा विषय घेऊन भरून काढतो. चाळिशीतल्या माणसाकडे उन्हाळ्याची सुट्टी नसते.

कॉलेज आणि विद्यापीठ यांच्यामधली ही फट मुळातच ठेवलेली आहे, हे या कामात पडल्यावर मला कळलं. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी पदवीच्या चार वर्षांचे दोन भाग कल्पिले होते. खालची दोन वर्षं विद्यापीठाबाहेरही होऊ शकतात, वरची दोन विद्यापीठाची. त्याच विचारातून १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएट गावी पहिलं सार्वजनिक ज्युनियर कॉलेज निघालं. दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या आयोगाने १९४७ मध्ये ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केलं आणि गावोगावी, घरापासून जवळ, परवडणाऱ्या फीत अशी कॉलेजं हवीत असं सांगितलं. न्यू जर्सीने १९६२ मध्ये काउंटी कॉलेजांचा कायदा केला. आज इथे अशी १८ कॉलेजं आहेत. प्रवेशाला गुणांची अट नाही, वयाची नाही. या दारातून कुणालाही आत येता येतं, आणि या व्यवस्थेवर माझं मनापासून प्रेम आहे. पण खालच्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम एकाने आखायचा आणि वरच्या दोन वर्षांचा दुसऱ्याने, त्यामुळे मधला सांधा रोज कुणीतरी जुळवत बसावा लागतो. आमच्या कॉलेजात त्या टेबलावर मी बसते.

न्यू जर्सी टर्नपाइक या महामार्गाच्या ८ए एक्झिटभोवती, क्रॅनबरी आणि मन्रोच्या पट्ट्यात, मैलोगणती गोदामं पसरली आहेत. माझा एक विद्यार्थी तिथे रात्रपाळीचा शिफ्ट लीड आहे. इक्वाडोरहून लहानपणी आलेला, शाळा संपल्यावर लगेच कामाला लागलेला. फोर्कलिफ्टवरून शिफ्ट लीडपर्यंत पोचला आणि तिथे अडकला, कारण त्याच्या कंपनीत मॅनेजर व्हायला बॅचलर पदवी लागते. त्याने आमच्याकडे बिझनेसमधली ‘असोसिएट इन अप्लाइड सायन्स’ ही पदवी घेतली होती. प्रवेश घेतला तेव्हा बॅचलर पदवीचा विचार त्याच्या डोक्यात नव्हता. माहितीपत्रकात ‘थेट नोकरीसाठी’ असं लिहिलेलं त्याने वाचलं, गणित कमी आहे हेही पाहिलं, आणि नाव घातलं. त्या दिवशी ती निवड योग्यच होती.

आता अडचण अशी. न्यू जर्सीत २००७ साली एक कायदा झाला. तो मांडणाऱ्या लोकप्रतिनिधी पामेला लॅम्पिट यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्यानंतर राज्यभराचा एक ट्रान्सफर करार झाला. काउंटी कॉलेजची असोसिएट पदवी पुरी करून कुणी राज्याच्या सरकारी विद्यापीठात गेला, तर त्याची पहिली दोन वर्षं पुरी झाली असं धरायचं, हे त्या कराराचं सार. चांगला करार आहे, त्याने असंख्य मुलांचे पैसे आणि वर्षं वाचवली आहेत. पण तो ‘असोसिएट इन आर्ट्‌स’ आणि ‘असोसिएट इन सायन्स’ या दोन पदव्यांना लागू होतो. ‘अप्लाइड सायन्स’ त्यात नाही. तिन्ही पदव्या एकाच कॉलेजच्या, सर्टिफिकेटवर शिक्का एकच, बऱ्याच वर्गांत तिन्हींची मुलं शेजारी शेजारी बसतात. एका शब्दाच्या फरकाने राज्याची हमी मिळते किंवा मिळत नाही, आणि हे त्याला त्या पाच वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

विद्यापीठाने त्याची सगळी क्रेडिट्स स्वीकारली आणि जेमतेम निम्मी कामाच्या रकान्यात बसवली. ‘बिझनेस मॅथ’ इलेक्टिव्हमध्ये. ‘सुपरव्हिजन’ इलेक्टिव्हमध्ये. कॉम्प्युटरचा विषय इलेक्टिव्हमध्ये. तो ऑडिटचा कागद घेऊन आला तेव्हा मी त्याला विचारलं, सिलॅबस ठेवले आहेस का? ट्रान्सक्रिप्टवर विषयाचं नाव, नंबर आणि ग्रेड एवढंच असतं. नावावरून विद्यापीठातला माणूस अंदाज बांधतो, आणि शंका असेल तर विषय इलेक्टिव्हमध्ये टाकणं त्याला सर्वांत सोपं असतं. आठवड्यागणिक काय शिकवलं, पुस्तक कोणतं होतं, प्रकल्प कोणता केला, परीक्षेला किती भार होता हे दाखवलं, तर तोच माणूस पुन्हा विचार करतो. अपील करता येतं. फार थोडे विद्यार्थी करतात, कारण असं काही करता येतं हेच त्यांना ठाऊक नसतं.

त्याच्याकडे सिलॅबस नव्हते. शिकवणारे बरेचसे तासिका तत्त्वावरचे, त्यातले काही केव्हाच दुसरीकडे गेलेले. आमच्या विभागाच्या सेक्रेटरीने जुन्या फायली उपसल्या. मॅनेजमेंट आणि कॉम्प्युटरच्या विषयांचे सिलॅबस, त्याच वर्षाचे, सापडले. ते जोडून त्याने दोन परिच्छेदांचं पत्र लिहिलं. मी त्याची भाषा दुरुस्त केली नाही, फक्त क्रम लावून दिला. ते दोन्ही विषय मेजरच्या रकान्यात गेले. गणिताचं काही करता आलं नाही आणि ते बरोबरच होतं. ‘बिझनेस मॅथ’मध्ये व्याज, सूट, पगाराचे हिशेब येतात, बिझनेसच्या बॅचलर पदवीला कॅल्क्युलस आणि स्टॅटिस्टिक्स लागतं. तिथे कुणी त्याला सूट दिली असती, तर पुढच्या फायनान्सच्या वर्गात तो बुडाला असता. आपल्या माणसासाठी भांडताना कुठे भांडायचं नाही हेही कळावं लागतं.

माझ्याकडे मराठी माणसं बहुधा फोनवरून येतात, कुणाच्या तरी ओळखीने, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नंबर घेऊन. एडिसनच्या ओक ट्री रोडच्या आसपास आपली वस्ती दाट आहे, आणि त्यात अशा पुष्कळ बायका आहेत ज्या नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर आल्या. त्यांना शिकायची परवानगी होती, नोकरीची नव्हती. मे २०१५ पासून त्यांच्यातल्या काहींना, नवऱ्याचं ग्रीन कार्डचं काम ठरावीक टप्प्यावर पोचलं असेल तर, कामाचं परमिट मिळू लागलं. मधली वर्षं रिकामी गेलेली. अशीच एक जण एका छोट्या अकाउंटिंग ऑफिसात टॅक्सच्या हंगामापुरती कामाला लागली होती. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाची बी.कॉम., फर्स्ट क्लास.

‘ताई, मी ग्रॅज्युएट आहे हो,’ ती म्हणाली. ‘आता परत बारावी झालेल्या पोरांबरोबर बसायचं का मी?’

‘काही विषयांना बसावं लागेल,’ मी म्हटलं. ‘पण कोणत्या आणि किती, ते आपण आधी लिहून काढू. तुझी तीन वर्षं अशी सोडून द्यायची नाहीत.’

आपली तीन वर्षांची पदवी इथे अवघड जागी अडकते. परदेशी गुणपत्रिका तपासून देणाऱ्या संस्था आहेत. न्यूयॉर्कची वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस त्यातली सगळ्यांना माहीत असलेली. पण त्यांचा अहवाल हा सल्ला असतो, विद्यापीठावर तो बंधनकारक नसतो. तीन वर्षांची पदवी म्हणजे चार वर्षांच्या पदवीतली तीन वर्षं, असं काही विद्यापीठं मानतात, तर काही त्याहून बरंच कमी. तिने तीन ठिकाणी अर्ज केले. त्याच गुणपत्रिकांना एका ठिकाणी जवळजवळ तीस क्रेडिट्स मिळाली आणि दुसऱ्या ठिकाणी साठाच्या वर. तिसऱ्याने आधी प्रवेश निश्चित करा, मग सांगू, असं कळवलं. तिथे मी तिला स्पष्ट सांगितलं, हे नाव यादीतून काढ. आकडा न सांगता पैसे मागणाऱ्या प्रोग्रॅमकडे कितीही गोड बोलणारे लोक असोत, नोकरी करणाऱ्या माणसाने तिकडे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

ट्रान्सक्रिप्ट बहुधा भारतातल्या विद्यापीठाकडून, सीलबंद लिफाफ्यात यावं लागतं. तिचा भाऊ रजा काढून विद्यापीठात गेला, पुन्हा गेला, चलन भरलं, वाट पाहिली. इथे ती एका सेमिस्टरची अर्जाची मुदत हुकते की काय म्हणून झुरत होती. भारतातून येणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगते, की विमानात बसण्याआधी सीलबंद ट्रान्सक्रिप्टच्या दोन-चार जादा प्रती काढून ठेवा आणि सिलॅबसची पुस्तिका सोबत घ्या, शिकायचा विचार असो वा नसो.

तिच्या विषयांपैकी अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, फायनान्शियल आणि कॉस्ट अकाउंटिंग नीट बसले. भारतीय आयकर आणि कंपनी कायद्याचे पेपर इलेक्टिव्हमध्ये गेले, आणि ते कुणालाही पटेल असंच होतं. इथला टॅक्स इथल्याच कायद्याने भरायचा. मग आम्ही उलट्या बाजूने आखणी केली. जिथे साठाच्या वर क्रेडिट्स मिळत होती, त्या विद्यापीठाच्या पदवीचा तक्ता समोर ठेवला आणि त्यातले खालच्या वर्षांचे कोणते विषय आमच्याकडे कमी फीत होतील ते पाहिलं. इंग्रजी कॉम्पोझिशन, बिझनेस लॉ, अमेरिकन आयकराची ओळख. ते तिने संध्याकाळच्या वर्गांत केले. नंतर ती नोकरदारांच्या प्रोग्रॅममध्ये गेली.

या काळात मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं, तर ती ‘एक कोर्स करते’ एवढंच म्हणायची. कॉलेजचं नाव घेत नसे. घरातून कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं, पण आपल्या लोकांच्या डोळ्यांत कम्युनिटी कॉलेज म्हणजे ज्याला कुठे मिळालं नाही त्याची जागा, हे तिला ठाऊक होतं. मला या गोष्टीचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. आपल्यातले कितीतरी जण मुलांच्या विद्यापीठाच्या चार वर्षांसाठी कर्जाखाली वाकतात, आणि त्यातल्या पहिल्या दोन वर्षांचे बरेचसे विषय त्यांच्या घरापासून पंधरा मिनिटांवर, लहान वर्गात, मुलांना नावाने ओळखणाऱ्या शिक्षकांकडे शिकता येतात. शेवटी सर्टिफिकेट विद्यापीठाचंच मिळतं.

नोकरदारांसाठी म्हणून चालणारे प्रोग्रॅम हा वेगळाच प्रांत आहे. रटगर्स विद्यापीठात एके काळी रात्री शिकणाऱ्या, मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठी युनिव्हर्सिटी कॉलेज नावाचं वेगळं कॉलेज होतं. २००७ मध्ये तिथली वेगवेगळी पदवी कॉलेजं एकत्र करून एकच स्कूल ऑफ आर्ट्‌स अँड सायन्सेस झालं, त्यात तेही विरलं. ट्रेंटनमध्ये थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी आहे. १९७२ मध्ये ती निघाली तीच मोठ्या माणसांसाठी, आणि नोकरीतून, सैन्यातून, परीक्षांमधून मिळवलेलं ज्ञान तपासून त्याची क्रेडिट्स द्यायची हा तिच्या कामाचा कणा आहे. कॉलेज बोर्डाच्या ‘क्लेप’ परीक्षा त्याच मार्गातल्या. दीड तासाची एक परीक्षा, आणि अनेक ठिकाणी एका विषयाची क्रेडिट्स. वर्षानुवर्षं घरात आणि कामावर स्पॅनिश बोलणारा माझा एखादा विद्यार्थी त्या भाषेची परीक्षा देऊन काही महिने वाचवतो. आपल्याला असलेलं ज्ञान कुणीतरी पहिल्यांदाच मोजलं, हा आनंद मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलेला आहे.

बाकीची पुष्कळ विद्यापीठं आता सात-आठ आठवड्यांचे जलद वर्ग चालवतात. संध्याकाळी, शनिवारी, नाहीतर पूर्ण ऑनलाइन. जाहिरातीत ‘तुमच्या सोयीने’ असं लिहिलेलं असतं. मी कागद घेऊन विद्यार्थ्यासमोर गणित मांडते. तीन क्रेडिटच्या विषयाला वर्गातले आणि घरचे मिळून साधारण १३५ तास धरलेले असतात. पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला नऊ. आठ आठवड्यांत कोंबले तर सतरा. चाळीस तास नोकरी, वर सतरा तास एक विषय. दोन विषय घेतले तर चौतीस. ‘सेमिस्टरला एकच घे’ हे मी सांगते, आणि तो म्हणतो, ‘पण मग कर्ज मिळत नाही.’ तेही खरं असतं, कारण सरकारी शैक्षणिक कर्जाला निदान अर्धवेळ, बहुधा सेमिस्टरला सहा क्रेडिट्स घ्यावी लागतात. नोकरी देणाऱ्याने फी भरली तर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या रकमेवर कर लागत नाही, म्हणून अनेक कंपन्यांची मदत नेमकी तिथेच थांबते. मग आम्ही कंपनीचं वर्ष, सेमिस्टर आणि टॅक्सचं वर्ष शेजारी शेजारी मांडून कोणता विषय डिसेंबरआधी आणि कोणता जानेवारीनंतर ते ठरवतो. हे शिक्षणाचं काम वाटत नाही. पण पदवी पुरी होते की मध्येच सुटते, ते बऱ्याचदा इथेच ठरतं.

नर्सेसच्या बाबतीत हे काम त्या मानाने सोपं आहे. कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांची पदवी घेऊन परीक्षा दिली की आर.एन., म्हणजे रजिस्टर्ड नर्स, होता येतं, आणि त्यापुढच्या बी.एस.एन. पदवीचे प्रोग्रॅम हे याच लोकांसाठी आखलेले आहेत. शेजारच्या न्यूयॉर्क राज्याने २०१७ मध्ये कायदाच केला, की नव्या नर्सने दहा वर्षांत बॅचलर पदवी घ्यावी. हॉस्पिटलांना या पदवीधर नर्स हव्या आहेत, म्हणून फी भरायला तीच पुढे येतात. नर्सिंगसाठी विद्यापीठ, हॉस्पिटल आणि आम्ही एका टेबलावर बसलो, आणि कोणता विषय कुठे बसेल ते विद्यार्थी येण्याच्या आधी ठरलं. मनात आणलं तर हे होतं, याचा तो पुरावा माझ्यासमोर रोज असतो. गोदामातल्या शिफ्ट लीडसाठी अजून कुणी तसं बसलेलं नाही.

विद्यापीठात गेल्यावर पहिल्या सेमिस्टरला बऱ्याच जणांची ग्रेड घसरते. जॉन हिल्स या संशोधकाने १९६५ साली याला ‘ट्रान्सफर शॉक’ म्हटलं आणि ते नाव टिकलं. मोठ्या वयात हा धक्का जरा वेगळा लागतो. आमच्याकडची ‘ए’ ग्रेड तिकडच्या सरासरीत धरत नाहीत, बहुतेक ठिकाणी फक्त क्रेडिट्स पुढे जातात आणि सरासरी शून्यापासून सुरू होते. गटात काम करायचं तर बाकीचे विशीतले, त्यांच्या मीटिंगा रात्री अकराला ठरतात, आणि याची शिफ्ट पहाटे पाचला. लेख लिहायचा तर संदर्भ देण्याची पद्धत आणखी कडक. या टप्प्यावर लोक मला फोन करतात, खरं तर आता ते माझे विद्यार्थी राहिलेले नसतात. तरीही मी फोन घेते. पहिल्या सेमिस्टरला एकच कठीण विषय, आणि विद्यापीठाच्या रायटिंग सेंटरमध्ये दुसऱ्याच आठवड्यात नाव नोंदवणं, हे मी जाण्याआधी लिहून दिलेलं असतं. जे पाळतात ते बहुधा तरतात.

माझे बाबाही असेच नोकरी सांभाळत मुंबईत फोर्टला सिद्धार्थ कॉलेजात शिकले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये ते कॉलेज काढलं आणि नोकरी करणाऱ्यांना यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. बाबा सकाळी कॉलेज करून तिथूनच ऑफिसात जात. त्यांच्या बोलण्यात त्या सकाळी नेहमी यायच्या, आणि तिथल्या शिक्षकांविषयी ते फार आदराने बोलत. वेळापत्रक माणसाच्या नोकरीभोवती बसवायचं, हे त्या संस्थेने कुणी न सांगता मनावर घेतलं होतं. पुढे १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं, त्यामागेही तोच जिव्हाळा होता. म्हणून इथे काम करताना मला कधी परक्या देशाच्या परक्या व्यवस्थेत आहे असं वाटत नाही.

आता आपल्याकडेही नवं शैक्षणिक धोरण आलं आहे. क्रेडिट्स, चार वर्षांची पदवी, मध्येच थांबून पुन्हा यायची सोय, क्रेडिट्स साठवायची ॲकॅडमिक बँक. पुण्या-नागपूरहून भाचरं मला त्याबद्दल विचारतात. मला त्याचा आनंदच वाटतो. फक्त इथल्या अनुभवावरून सांगते, क्रेडिट साठवणं हा अर्धा भाग झाला. दुसरं विद्यापीठ ते कोणत्या रकान्यात बसवणार, हे प्रवेशाच्या आधी, लेखी, आणि विद्यार्थ्याला कळेल अशा भाषेत सांगण्याची जबाबदारी कुणाची, ते आत्ताच ठरवायला हवं. नाहीतर सगळा भार विद्यार्थ्यावर येतो, आणि विद्यार्थी कामावर असतो.

इथल्या विद्यापीठांकडे माझं मागणं तेवढंच आहे. प्रवेशपत्राबरोबर डिग्री ऑडिट द्या. फी मागण्याआधी द्या. अपील कुणाकडे करायचं त्याचं नाव आणि मुदत त्याच कागदावर छापा. काही जण देऊ लागले आहेत, आणि तिकडे विद्यार्थी पाठवताना मला हायसं वाटतं.

गोदामातल्या त्या विद्यार्थ्याने प्रीकॅल्क्युलस आमच्याकडेच केलं. कंपनीने त्याची पाळी बदलून दिली आहे, मंगळवारी आणि गुरुवारी तो संध्याकाळी मोकळा असतो. आता स्टॅटिस्टिक्स आमच्याकडे घ्यावं की विद्यापीठात, हा प्रश्न आहे. आमच्याकडे फी कमी, पण आमचा विषय मेजरमध्ये बसेल याची खात्री अजून नाही. विद्यापीठाच्या विभागाला मी सिलॅबस जोडून ईमेल केला आहे आणि पुढच्या सेमिस्टरची नावनोंदणी उघडण्याआधी लेखी उत्तर मागितलं आहे.